छत्तीस टीव्ही आणि एक पांढरा ठिपका

मी नेमकं काय काम करते, हे आमच्या नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी ओळख करून द्यायचं, "ह्या सुनंदा, आर्ट गॅलरीत असतात." समोरचा लगेच विचारायचा, "अरे वा! म्हणजे पेंटिंग करता?" मी म्हणायचे, "पेंटिंग नाही, प्लग बघते." समोरच्याला वाटायचं मी विनोद केला. मग तो जेवणाच्या रांगेकडे वळायचा.

विनोद नव्हता तो. एका सरकारी मदतीवर चालणाऱ्या गॅलरीत मी सतरा वर्षं तंत्रज्ञ होते. आजचे कलाकार नुसती चित्रं टांगत नाहीत. ते अंधाऱ्या खोलीत फिल्म दाखवतात, भिंतीतून आवाज काढतात, पाण्यावर प्रकाश पाडतात. हे सगळं सकाळी दहाला सुरू व्हावं लागतं, संध्याकाळी पाचपर्यंत न अडखळता चालावं लागतं, आणि त्यासाठी लावलेली एकही वायर प्रेक्षकाला दिसता कामा नये. ते माझं काम. आमच्या धंद्यात शाबासकी मिळत नाही. कुणाला आमची आठवण झाली नाही, म्हणजे दिवस चांगला गेला.

एकदाच असं झालं, की माझी आठवण सगळ्यांना झाली. त्या एका प्रदर्शनाबद्दल लिहायचं आहे.

त्याआधी थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं मी पिंपरीजवळच्या एका टीव्हीच्या कारखान्यात होते. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाल्या झाल्या लागले. आमच्या लाइनवर सगळ्या मुलीच. मी ज्या टेबलावर होते तिथे रंग जुळवायचं काम चाले. जुना, मोठ्या पाठीचा टीव्ही आठवून पाहा. त्याच्या काचेच्या नळीतून लाल, हिरवा, निळा असे तीन झोत पडद्यावर पडतात. ते नेमके एकमेकांवर पडले नाहीत, तर माणसाच्या नाकाला लाल कड दिसते. नळीच्या मानेवर चुंबकाच्या पातळ चकत्या असतात. त्या केसभर इकडे-तिकडे फिरवून झोत जुळवायचे. अडचण अशी, की चकत्या टीव्हीच्या मागे आणि चित्र पुढे. म्हणून समोर आरसा उभा केलेला असायचा. आम्ही टीव्हीच्या पाठीशी बसून आरशात बघत बोटं चालवायचो. तासाला ठरलेले नग. सात वर्षं मी टीव्ही सरळ पाहिलाच नाही म्हणा ना, आरशातच पाहिला.

मग कारखाना बंद पडला. का पडला त्यात शिरत नाही. तेव्हा अनेक बंद पडत होते. आम्हा मुलींना एका दुपारी हॉलमध्ये बोलावून सांगितलं. त्यानंतर दोन वर्षांनी दिलीपला, माझ्या नवऱ्याला, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. गॅलरीच्या मुलाखतीत मी कारखान्याचं सांगितलं, पण "इलेक्ट्रॉनिक्समधला अनुभव" एवढंच. लाइनवर बसत होते, हे नाही सांगितलं. का नाही, ते मलाही धड सांगता येणार नाही. इंजिनिअर नवऱ्यांच्या बायकांमध्ये राहून ते शब्द जिभेवरून उतरले असावेत.

तर दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. लोक मोठ्या पाठीचे टीव्ही रस्त्याच्या कडेला ठेवून चपटे टीव्ही घरात आणत होते. कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे जिथे जुनं सामान नेऊन टाकतात तिथे, टीव्हींचा ढीग लागलेला असे. अशा काळात आमच्या क्युरेटरनं, म्हणजे प्रदर्शनं ठरवणाऱ्या हेलननं, चीनहून एक प्रदर्शन बोलावलं. कलाकाराचं नाव शू लान. साधारण माझ्याच वयाची, चाळिशीची बाई. बुटकी, केस कापलेले, अंगात पुरुषी जाकीट. इंग्रजी चार शब्द. तिच्याबरोबर दुभाषी म्हणून इथल्या विद्यापीठातली एक चिनी विद्यार्थिनी असायची, जिंग नावाची.

शू लानचं काम असं होतं. छत्तीस जुने टीव्ही, भिंतीसारखे एकमेकांवर रचलेले. प्रत्येकात एक बाई. या बायका तिच्या गावच्या टीव्ही कारखान्यातल्या, कारखाना बंद झाल्यावर घरी बसलेल्या. प्रत्येक बाई आपापल्या स्वयंपाकघरात किंवा जिन्यात बसून, लाइनवर जे काम करायची तेच करून दाखवते; फक्त समोर टीव्ही नाही. हवेतच स्क्रू पिळते, हवेतच वायरीला डाग देते, हवेतच खोका बंद करते. पहिल्या पडद्यापासून छत्तिसाव्यापर्यंत पाहत गेलात तर एक अख्खा टीव्ही तयार होतो, पण दिसत कुठेच नाही. शेवटी सगळे टीव्ही एकदम बंद व्हायचे, आणि जुन्या टीव्हीत व्हायचं तसं, चित्र आक्रसून मध्ये एक पांढरा ठिपका उरायचा आणि हळूहळू विझायचा. शू लानला तो ठिपका हवा होता. जिंगमार्फत तिनं पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं, "ठिपका खरा पाहिजे."

टीव्ही तिनं चीनमधूनच पाठवले होते. मोठमोठे लाकडी खोके आमच्या मागच्या दारी लॉरीतून उतरले. पहिला खोका मी उघडला, तर आतल्या नळीची मान तुटलेली. वाटेत कुठेतरी तो कंटेनर चांगलाच आपटला होता. टीव्हीच्या नळीची मान फार नाजूक असते. ती तडकली की आतली पोकळी हवा ओढून घेते आणि नळी मेली. खोक्यामागून खोका उघडत गेले. छत्तीसपैकी अकरा जिवंत निघाले.

उद्घाटनाला नऊ दिवस होते.

हेलन वाईट बाई नव्हती. घाबरली होती. तिनं दोन फोन केले आणि दुपारपर्यंत तोडगा काढला. प्रदर्शनाला मदत करणारी एक कंपनी छत्तीस नवेकोरे चपटे पडदे द्यायला तयार होती. हेलननं ते अगदी आनंदानं सांगितलं. "चित्र उलट जास्त स्पष्ट दिसेल. ठिपका आपण फिल्ममध्येच घालू."

जिंगनं भाषांतर केलं. शू लान तिला दोन वाक्यं बोलली आणि उठली. टेबलावर तिच्या डिस्क मांडून ठेवल्या होत्या, छत्तीस. तिनं शांतपणे एकेक उचलून पिशवीत भरायला सुरुवात केली.

"काय करतेय ती?" हेलननं विचारलं.

जिंग म्हणाली, "ती म्हणते, चपट्या पडद्यांमुळे ज्या बायकांचं काम गेलं, त्या बायकांना ती चपट्या पडद्यात बसवणार नाही. ती घरी जाते."

हेलन खाली बसली. वर्षभराची मेहनत, छापलेली पत्रकं, सगळं त्या पिशवीत चाललं होतं. मी एका कोपऱ्यात अकरा जिवंत टीव्हींपैकी एक लावून, कुठली डिस्क चालते कुठली नाही, ते तपासत होते. मला मध्ये बोलायचं काही कारण नव्हतं. तंत्रज्ञानं बोलायचं नसतं. पण नेमकी तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर चौदाव्या क्रमांकाची बाई होती.

म्हातारी, अंगात विणलेला स्वेटर. दोन्ही हात छातीसमोर, बोटं चिमटीत धरून अगदी हळू फिरवतेय. दर थोड्या वेळानं मान वर करून पुढे कुठेतरी बघते, पुन्हा बोटं फिरवते. आमच्या पत्रकात हेलननं या बाईबद्दल लिहिलं होतं, की ती 'अनिश्चित भविष्याकडे टक लावून पाहते'. मी ते वाचलं होतं. पण त्या बोटांकडे पाहता पाहता माझीच बोटं मांडीवर फिरायला लागली.

"भविष्याकडे नाही बघत ती," मी म्हणाले. बहुतेक मोठ्यानं म्हणाले असेन, कारण सगळे वळले. "ती आरशात बघतेय."

हेलन म्हणाली, "कुठल्या आरशात?"

मी उठले. भिंतीला टेकवलेला एक आरसा होता, तो आणून टीव्हीसमोर खुर्चीवर उभा केला. मग टीव्हीच्या मागे जाऊन बसले, त्या बाईसारखे हात धरले, आणि दाखवलं. चकत्या इथे, चित्र तिथे. बोटं फिरवायची, मान वर करून आरशात बघायचं, पुन्हा फिरवायची. "मी सात वर्षं हेच काम केलंय," मी म्हणाले. "भारतात. लाइनवर."

जिंगनं शू लानला सांगितलं. शू लानच्या हातातली पिशवी तशीच राहिली. ती माझ्याजवळ आली, आधी आरशात माझ्याकडे पाहिलं, मग वाकून मागून पाहिलं, आणि काहीतरी भराभरा बोलायला लागली. जिंगला तिचा वेग पकडता येईना.

"ती म्हणते, ही तिची आई आहे," जिंग म्हणाली. "ती म्हणते, पाच देशांत हे प्रदर्शन झालं. कुणी लिहितं ती देवाकडे बघते, कुणी लिहितं सरकारकडे बघते. आरशाचं आजवर एकाही माणसानं सांगितलं नाही."

मग शू लान हसायला लागली. खो खो हसली, आणि हसता हसता जाकिटाच्या बाहीनं डोळे पुसले. हेलनचा चेहरा लाल झाला होता. पण ती मोठ्या मनाची, तिनं पत्रक काढून ती ओळ तिथेच खोडली.

मी हेलनला म्हणाले, "मला पंचवीस टीव्ही मिळवून दे. दुरुस्त मी करते."

हे म्हणायला सोपं होतं. ठिपक्याची एक गोम आहे. जुन्या टीव्हीत बंद केल्यावर ठिपका राहतो, पण त्या ठिपक्यानं पडदा जळतो, म्हणून नंतरच्या टीव्हींमध्ये तो मारून टाकणारा एक छोटा भाग घातलेला असतो. म्हणजे टिपवर मिळणाऱ्या टीव्हींपैकी निम्मेअधिक आम्हाला बिनकामाचे. आम्ही गावातल्या रेडिओवर आणि वर्तमानपत्रात एक निवेदन दिलं: "तुमचा टीव्ही बंद केल्यावर मध्ये पांढरा ठिपका राहतो का? राहत असेल तर गॅलरीला फोन करा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन थांबेना. लोक टीव्ही द्यायला फोन करत होतेच, पण काही नुसते ठिपक्याबद्दल बोलायला करत होते. एक बाई म्हणाली, लहानपणी भाऊ सांगायचा की त्या ठिपक्यात बातम्या देणारा माणूस झोपायला जातो. एका गृहस्थांनी फोन चालू ठेवून टीव्ही बंद केला आणि आम्हाला सेकंद मोजून दाखवले. आमच्या मंडळातल्या डॉक्टर पटवर्धनांच्या बायकोचा घरी फोन आला. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर नवा टीव्ही.

"सुनंदा, ऐक, कुणाला बोलू नकोस हं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "आमचा जुना अजून लॉफ्टमध्ये आहे. ह्यांना टाकवत नाही. इकडे आल्यावर पहिला घेतलेला ना. ठिपका राहतो बघ त्याला. ह्यांना सांगते, लायब्ररीला दिला."

"वहिनी, प्रदर्शनात मांडणार आहोत तो."

"अगं बाई! मग पुसून देते."

आणि बॅरी. बॅरी हा सत्तरीतला, उंच, खांदे उतरलेला माणूस. सायकलच्या कारखान्यात आयुष्यभर चाकाच्या तारा बसवायचं काम केलेला. तो कारखानाही तेव्हा बंद होऊन थोडेच दिवस झाले होते. टीव्ही हातगाडीवर घालून, वर गोधडी पांघरून, स्वतः ढकलत घेऊन आला. नॉटिंगहॅमची जुनी माणसं ओळखी-अनोळखी सगळ्यांना 'डक' म्हणतात, आपल्याकडे 'बाळा' म्हणावं तसं. मला म्हणाला, "हे बघ डक, हा माझ्या बायकोचा. ती गेली. मला तो बघवत नाही आणि टाकवत पण नाही. पण कुठे ठेवणार ते मला माहीत पाहिजे. आणि मी रोज येऊन बघणार."

"रोज या," मी म्हणाले. "प्रवेश मोफत आहे."

"ते माहितीये. म्हणून तर रोज," तो म्हणाला.

मागच्या वर्कशॉपमध्ये मी दुकान मांडलं. असा टीव्ही उघडताना एक नियम आहे. वीज बंद केली तरी नळीत जीव घेण्याइतका विजेचा दाब साठून असतो. आधी तो जमिनीत उतरवायचा, आणि काम करताना एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून आरपार जात नाही. हे आम्हाला पिंपरीत पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. कारखाना सुटून पंधरा वर्षं लोटली, पण वर्कशॉपमध्ये पहिला टीव्ही उघडला आणि माझा डावा हात आपोआप पाठीमागे गेला.

शू लान रोज येऊन बसायची. आरसा तीच धरायची. जिंगचे वर्ग असायचे, त्यामुळे बऱ्याचदा आम्ही दोघीच. ती चिनीत बोलायची, मी मराठीत बोलायचे. इंग्रजीपेक्षा ते बरं चालायचं. मी "इकडे, थोडा इकडे" म्हटलं की आरसा बरोबर तिकडे वळायचा. सुटलेले डाग पुन्हा दिले, सडलेल्या वायरी बदलल्या, प्रत्येक टीव्हीची सुरक्षा तपासणी करून त्यावर हिरवं लेबल चिकटवलं. पटवर्धन वहिनींचा टीव्ही इतका पुसला होता, की आतसुद्धा पॉलिशचा वास येत होता. आठव्या दिवशी दुपारी छत्तीस झाले.

आणि मग मी चूक केली. लपवत नाही. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सगळे टीव्ही एका मुख्य खटक्यावर जोडून मी तो खटका दाबला. जुना रंगीत टीव्ही चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. छत्तिसांनी एकदम ओढली. फट् आवाज झाला आणि सगळा मजला अंधारात गेला. शेजारच्या दालनात दुसऱ्या म्युझियमकडून उसनी आणलेली जुनी चित्रं होती, त्यांच्यासाठी हवा ठरावीक राखणारी यंत्रणाही बंद पडली. हेलन धावत आली. तिच्यामागे इमारतीचे साहेब.

"हे पुन्हा होणार असेल," साहेब म्हणाले, "तर हे प्रदर्शन मी आत्ता बंद करतो. सुनंदा, मला खात्री देशील?"

ही गोष्ट मला माहीत होती. लाइनवर कधीही दोनपेक्षा जास्त टीव्ही एका वेळी लावायचे नाहीत, हे माहीत होतं. घाईत विसरले. मान खाली घालून म्हणाले, "मला एक तास द्या."

मी टीव्हींच्या सहा रांगा वेगळ्या केल्या. प्रत्येक रांगेतले टीव्ही दोन-दोन करून हातानं लावायचे, मध्ये श्वासभर थांबायचं. बंद करताना मात्र सगळे एकदम करता येतात. म्हणजे ठिपका वाचला होता. फक्त तो फिल्मच्या दर फेरीला दाखवणं शक्य नव्हतं. इतक्या वेळा चालू-बंद केले असते तर म्हातारे टीव्ही आठवड्यात संपले असते. मी जिंगला बोलावून शू लानला तसं स्पष्ट सांगितलं. "दिवसातून एकदा. संध्याकाळी पाचला, गॅलरी बंद होताना. हातानं."

मला वाटलं ती पुन्हा पिशवी भरणार. तिनं एका टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला. मग बोलली, आणि जिंग हसून म्हणाली, "ती म्हणते, कारखान्यातसुद्धा दिवसातून एकदाच बंद व्हायचं. बरोबर आहे. पण एक अट. खटका पडद्यामागे नको. भिंतीवर, लोकांना दिसेल असा. आणि तो तू बंद करायचा."

"मी? मी तंत्रज्ञ आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच," शू लान इंग्रजीत म्हणाली. चार शब्दांतला तो एक असावा.

उद्घाटनाला शंभरेक माणसं होती. पाच वाजता हेलननं सगळ्यांना गप्प केलं. मी रोजच्या काळ्या टी-शर्टमध्ये, कमरेला हत्यारांचा पट्टा, भिंतीपाशी गेले. गर्दीत दिलीप होता, आणि आमची ईशा, तेव्हा पंधरा वर्षांची. शाळेत ती मैत्रिणींना 'माय मम इज अ क्युरेटर' सांगायची, हे मला माहीत होतं. छत्तिसाव्या पडद्यावरच्या बाईनं हवेतला खोका बंद केला. मी खटका ओढला. पडद्यांवरून चरचर असा बारीक आवाज गेला, छत्तीस बायका आक्रसून छत्तीस ठिपके झाले, आणि एकेक करून, आपापल्या वेळानं, विझत गेले. सगळ्यांत शेवटी खालच्या रांगेतला बॅरीच्या बायकोचा. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कुणी हललंच नाही. मी सतरा वर्षांत पुष्कळ टाळ्या पडद्यामागून ऐकल्या. त्या शांततेची सर त्यांना नाही.

बाहेर पडताना ईशा माझ्या पट्ट्याला धरून म्हणाली, "आई, तू फेमस झाला!"

"झालीस," दिलीप म्हणाला.

"हां, तेच. झालीस," ती म्हणाली. पट्टा काही सोडला नाही.

पुढचे दहा आठवडे रोज पाचच्या आधी लोक जमायला लागले. दिवसभरात जेवढे येत त्याहून जास्त शेवटच्या पंधरा मिनिटांत. हॉस्पिटलची शिफ्ट संपवून नर्सेस यायच्या. लेसच्या गिरण्यांत काम केलेल्या म्हाताऱ्या बायका यायच्या, पडद्यांसमोर उभ्या राहून हवेत एकमेकींना आपापलं काम करून दाखवायच्या. एकदा बॅरी नवव्या पडद्यासमोर बराच वेळ उभा होता. तिथली बाई हवेत कसल्या तरी तारा ओवत होती. तोही हात वर करून चाकाच्या तारा ओवायला लागला. पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, थांबवू का म्हणून. मी मान हलवून नको म्हटलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी शू लान कॅमेरा घेऊन वर्कशॉपमध्ये आली. जिंग म्हणाली, "तिला तुझे हात घ्यायचे आहेत. सदतिसावा पडदा. भारतातली लाइन."

मी नाही म्हणाले. आज त्याचं वाईट वाटतं. तेव्हा वाटलं, आपण कोण, तिच्या आईच्या शेजारी बसायला? नखांत काळं होतं, तेही कारण सांगितलं. शू लाननं आग्रह केला नाही. आपले हात पुढे करून नखं दाखवली. तिचीही काळीच होती. मग कॅमेरा पिशवीत ठेवला आणि आरसा धरायला बसली. पिंपरीच्या हॉलमध्ये त्या दुपारी आम्ही चाळीस जणी होतो. त्यांच्यापैकी कुणाचेच हात कुठेच नाहीत. माझे तरी राहिले असते.

त्याऐवजी मी तिला एक वही दिली. प्रदर्शन पुढे दुसऱ्या देशांत जाणार होतं आणि तिथे मी नसणार होते. म्हणून टीव्ही उघडायचा कसा, दाब उतरवायचा कसा, कुठल्या रांगेतले किती लावायचे, हे सगळं आकृत्या काढून इंग्रजीत लिहिलं. एकतीस पानं, हातानं. जिंगनं शेजारी चिनी भाषांतर लिहिलं. मला वाटलं, संपलं.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, मी निवृत्त व्हायच्या सुमारास, युरोपातल्या एका म्युझियममधून गॅलरीत माझ्या नावानं फोन आला. बोलणारी तरुण बाई होती, माझ्यासारखीच तंत्रज्ञ. त्यांच्या म्युझियमनं ते काम कायमचं विकत घेतलं होतं. करारात शू लाननं लिहून घेतलं होतं, की खटका रोज पाचला तिथल्या तंत्रज्ञानंच, लोकांसमोर, हातानं ओढायचा, आणि देखभाल फक्त 'सुनंदाच्या वहीप्रमाणे' करायची.

"वहीची आम्ही नक्कल केली आहे," ती म्हणाली. "जो जो नवीन माणूस या कामावर येतो, त्याला ती आधी स्वतःच्या हातानं उतरवून काढावी लागते. पण एक अडचण आहे. एकोणिसाव्या पानावर, नळीतला दाब उतरवायच्या जागी, समासात काहीतरी आहे. आम्हाला कळत नाही ती आकृती आहे की अक्षरं. आजवर सात जणांनी ते जसंच्या तसं काढलंय. तांत्रिक खूण असेल तर चुकायला नको, म्हणून विचारते."

तिनं ते पान, आणि खाली सातही नकलांमधली तीच जागा, स्कॅन करून पाठवली. माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं, अंधाराच्या त्या सकाळनंतर मी स्वतःसाठी लिहिलं होतं: 'घाई नको.' आणि खाली, वेगवेगळ्या सात हातांनी, कुणी मात्रा उलटी काढून, कुणी काना तोडून, पण प्रत्येकानं जीव लावून काढलेलं, तेच. सात वेळा.

मी तिला अर्थ सांगितला.

"म्हणजे ही खरंच सूचना आहे," ती म्हणाली.

"सगळ्यांत महत्त्वाची."

"मग उच्चार सांगा. यापुढे मी शिकवताना म्हणेन."

मी सांगितला. ती म्हणाली, "गाई नको."

"घ," मी म्हणाले. "घाई. पोटातून."

"घाई नको," ती म्हणाली. मग बाजूला कुणाला तरी तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि फोनमधून मला त्यांच्या वर्कशॉपमधली चार-पाच माणसं ते एकदम म्हणताना ऐकू आली, एकजण पुढे, एकजण मागे, निम्मे 'गाई' म्हणणारे. मी त्यांना पुन्हा एकदा सांगितलं. आणि मग, कारण त्यांना घाई नव्हती आणि मलाही नव्हती, आणखी एकदा.